सहल सगळ्यांची, सुट्टी कुणाची?



मुलांच्या परीक्षा संपत आल्या की आपल्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टूरच्या जाहिराती फिरू लागतात. नऊ दिवस, पाच देश, संपूर्ण जैन भोजन, सूर्यास्तापूर्वी जेवणाची सोय, 'सोबत महाराज'. नवख्या बाईला वाटावं, मुनिसंघाचा विहारच निघालाय. महाराज म्हणजे आचारी, हे तिला नंतर कळतं. खाली लगेच विचारणा सुरू होते, कोण कोण येणार आणि साड्यांचा रंग कोणता ठरवायचा.

प्रवासाबद्दलची माझी मतं आमच्या घरातसुद्धा फारशी कुणाला पटत नाहीत. नणंद म्हणते, "वहिनी, तुम्ही अगदीच घरकोंबड्या." मुलगा म्हणतो, "आई, तू फिरायला गेलीस तरी पैसे मोजत बसतेस." तर आज मोजतेच. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, नोकरी केली नाही, पण कॉस्टिंगचा पेपर अजून डोक्यातून गेलेला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. अख्खं घर सहलीला गेलं म्हणून घरातल्या बाईला सुट्टी मिळाली, असं होत नाही. आपल्या बऱ्याचशा सहली आणि निम्म्या यात्रा बाईच्या खात्यात तोट्यातच जातात. तो तोटा कुठेच लिहिला जात नाही, म्हणून दिसत नाही इतकंच.

लिहूनच बघू या. नऊ दिवसांच्या टूरचे तास होतात २१६. आठ रात्रींची झोप, सहा-सहा तास धरली तरी ४८ गेले. विमानं आणि विमानतळ, जाऊन-येऊन ३२. सात दिवस बसमध्ये रोज पाच-सहा तास, म्हणजे ४०. पाच हॉटेलं बदलायची, बॅगा उघडायच्या-भरायच्या, किल्ल्या मिळेपर्यंत ताटकळायचं, त्याचे १०. जेवणं आणि 'अजून दोघं यायची आहेत' म्हणून थांबणं, २१. दुकानांत सक्तीने नेतात ते १०. अंघोळ, कपडे, आवरणं, बेसिनमध्ये धुतलेले हातरुमाल वाळत घालणं, १६. बेरीज १७७. उरले ३९ तास. माणशी अडीच लाख रुपये घेतले असं समजा, तर बघण्याचा तास पडला सहा हजार चारशे रुपयांना.

आता दुसरी बाजू. निघण्याआधी दहा दिवस रोज तीन तास खाऊ करणं, कपडे काढणं, औषधांच्या पुड्या बांधणं, दुधवाल्याला आणि कामवालीला सांगणं, कुंड्यांची सोय लावणं, हे झाले ३० तास. परतल्यावर धुणं, झाडलोट, रिकामा फ्रिज भरणं, १०. एकूण ४०. म्हणजे ३९ तास बघितलं आणि ४० तास राबलो. आकडे माझ्या ढोबळ अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. पाच-दहा तास इकडेतिकडे होतील, पण ताळेबंदाचा कल बदलणार नाही. आणि साठीनंतरच्या गुडघ्यांचा घसारा मी अजून धरलेलाच नाही.

ह्यावर कुणी म्हणेल, हौसेला मोल नसतं. मान्य. पण हौस कुणाची आणि मोल कोण देतंय, एवढं तरी बघायला हवं ना?

मग सुट्टी मोजायची कशानं? माझ्याकडे एक जुनं माप आहे, आणि ते तुमच्याकडेही आहे. आपल्या आई-आज्यांना 'व्हेकेशन' हा शब्द ठाऊक नव्हता, त्यांना माहेरपण ठाऊक होतं. माहेरी गेल्यावर रोज नवं गाव बघायचं नसायचं. एकाच घरात, एकाच ओसरीवर पंधरा दिवस जायचे. सकाळी कुणी उठवायचं नाही. ताट वाढून समोर यायचं. मुलं आजोळच्या गोतावळ्यात कुठे हरवायची, त्यांची काळजी दुसरं कुणी करायचं. परत येताना फोटो नसायचे, अंगावर मात्र थोडं मांस चढलेलं असायचं. एका जागी राहणं, आयतं ताट मिळणं आणि कुणाची जबाबदारी अंगावर नसणं, ह्या तीन गोष्टी असतील तर ती सुट्टी. नसतील तर ते स्थलांतर.

आई गेली की ही सुट्टी संपते. आपल्या वयाच्या बहुतेकींची ती संपलेली आहे. भाऊ-भावजय कितीही चांगली असली तरी तिथे आपण पाहुण्या, पदर खोचून उभ्या राहतो. त्या रिकाम्या जागी आपण टूर भरू बघतो. ती जागा टूरने भरत नाही, कारण टूरमध्ये वरच्या तीनपैकी एकही गोष्ट नसते. आचारी सोबत असलाच तर फार तर दुसरी.

आता डब्याकडे येते, कारण खरं भांडण तिथेच आहे.

आपल्या घरांतली बाई प्रवासाला निघते तेव्हा अर्धं स्वयंपाकघर सोबत नेते. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बिनलसणाचं भडंग, खाकरे, मेतकूट, सुकी भेळ, तुपाची बरणी, पाणी गाळायचं कापड आणि आता त्यात तो छोटा विजेचा कुकर. तेवीस किलोच्या बॅगेत आठ किलो खाणं. हॉटेलच्या खोलीत खिडकीशी उकिडवं बसून तिने खिचडी शिजवायची आणि बाकीच्यांनी 'घरच्यासारखी झालीय' म्हणायचं. अहो, घरच्यासारखी होणारच, घरचीच बाई करतेय!

गैरसमज नको. मी कांदा-लसूण-बटाटा खात नाही, रात्री जेवत नाही, आणि ते सोडा असं कुणालाही सांगत नाही. उलट नियम पाळायचे तर नीट पाळा. एकदा आमच्या टूरवाल्यांनी सूर्यास्तापूर्वी जेवण देण्याचं कबूल केलं होतं. डिसेंबर होता. तिकडे युरोपात जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, पण डिसेंबरात पाचच्या आतच जातो. बस पोचली सातला. हॉलमध्ये ताटं मांडलेली, वर 'जैन' लिहिलेली पाटी. आम्ही नियमवाले हात जोडून खोलीत आलो. आणि दहा खोल्यांतल्या दहा पुरुषांनी आपापल्या बायकांना एकच प्रश्न विचारला असेल, "काही आणलंयस का?" टूरवाल्यांना जाब कुणीच विचारला नाही, कारण बायकांच्या बॅगांत खाकरे होते. आपल्या बॅगा भरलेल्या असतात म्हणून त्यांची आश्वासनं रिकामी चालून जातात.

आपला कर्मसिद्धांत सांगतो, ज्याचं कर्म त्याला. नवऱ्याच्या उपवासाचं पुण्य बायकोच्या नावावर जमा होत नाही. मग नियम ह्यांचा आणि डबा माझा, ही कुठली वाटणी? माझं मत आहे, नियम ज्याचा, डबा त्याचा. पुरुषमाणसाला चतुर्दशी पाळायची आहे तर त्याने आदल्या दिवशी मूग भिजत घालावेत. सून-मुलगा सोबत असतील तर दोघांनी आपलं आपलं बघावं. चार दिवस दशम्या लाटायची तयारी नसेल तर अशा ठिकाणी जावं, जिथे शुद्ध जेवण मिळतं. अशी ठिकाणं आपल्या देशात कमी नाहीत, अनेक क्षेत्रांवर भोजनशाळा आहेत. पण बाईच्या मनगटाच्या भरवशावर घराण्याचा धर्म स्वित्झर्लंडला नेऊ नये.

ह्याच ओघात अमेरिकेबद्दल बोलते. हे मत सगळ्यात जास्त टोचेल. आपल्यातल्या कितीतरी जणी मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला सहा-सहा महिने तिकडे राहून येतात. परत आल्या की हळदीकुंकवाला सगळ्या विचारतात, "मग काय, अमेरिका पाहून आलात!" काय पाहिलं? डिशवॉशर पाहिला. डिंकाचे लाडू वळले, बाळाला अंघोळ घातली, बाहेर बर्फ म्हणून खिडकीतून झाड पाहिलं. एखाद्या शनिवारी नायगरा झाला. हे प्रेम आहे, कर्तव्य आहे, आणि त्यात आनंदही असतो, नातवंडाच्या जावळाच्या वासासारखा दुसरा वास नाही. पण त्याला सुट्टी म्हणू नका. ते काम आहे. कामाला काम म्हटलं की परत आल्यावर बाईला विश्रांतीचा हक्क सांगता येतो. त्याला 'अमेरिका फिरून आली' म्हटलं की ती विमानतळावरून थेट ओट्याशी उभी राहते.

आता यात्रा. इथे मला आवाज जरा चढवायचा आहे.

२०२२ सालचा डिसेंबर आणि पुढचा जानेवारी आठवा. शिखरजी पर्यटनस्थळ होऊ नये म्हणून देशभरातला आपला समाज रस्त्यावर उतरला होता. आपणही पांढऱ्या-केशरी साड्या नेसून, तोंडातून शब्द न काढता, मोर्च्यात चाललो होतो. चोवीसपैकी वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले तो डोंगर. तिथे हॉटेलं, दारू, मांसाहार नको, एवढंच आपलं मागणं. संथाळ आदिवासीही त्या डोंगराला मरांग बुरू म्हणून पूजतात. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तिथल्या पर्यटनाच्या कामांना स्थगिती दिली. आपण पेढे वाटले.

मग मला सांगा, त्यानंतर आपणच 'शिखरजी-गया-दार्जिलिंग, शॉपिंगसह' अशा टूरची नोंदणी कशी करतो? सरकारला सांगितलं की हे तीर्थ आहे, पर्यटनस्थळ नाही. स्वतःला कधी सांगणार?

शिखरजीची वंदना सत्तावीस किलोमीटरची. नऊ चढ, नऊ वर टोंकांची फिरती, नऊ उतार. पहाटे दोन-तीनला मधुबनातून निघायचं, अनवाणी, उपाशी, मुखी नाव. ही वाट मन गप्प करण्यासाठी आहे. आता तिथे काय ऐकू येतं? कुणाच्या तरी खिशातला स्पीकर. टोंकेवर चरणांना नमस्कार करायला तीन सेकंद आणि फोटोला तीन मिनिटं. मागच्याला "जरा थांबा हं" म्हणून हाताने अडवायचं. वीस तीर्थंकरांच्या चरणांशी आपण उभं राहतो ते पाठ करून, कारण तोंड कॅमेऱ्याकडे असतं.

आणि डोलीवाले. ज्यांना चालवत नाही त्यांनी डोली करावी, त्यात काही गैर नाही. पण डोलीवाल्याशी दोनशे रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालणारी मंडळी संध्याकाळी अभिषेकाच्या बोलीत हजारांनी बोलतात, हे कुठल्या हिशेबात बसतं? जो माणूस आपल्याला खांद्यावर घेऊन डोंगर चढतो, त्याच्याशी घासाघीस म्हणजे आपल्या अहिंसेला पडलेलं भोक आहे. वाणसामानाची यादी करताना घासाघीस करा, मीही करते. तिथे नको.

माझं मत: यात्रेला जायचं तर फक्त यात्रेलाच जा. हवा खायला जायचं तर खुशाल हवाच खा, त्यात पाप नाही. पण दोन्हींची खिचडी केली की यात्रा उरकली जाते आणि सहल अपराधी वाटते.

श्रवणबेळगोळचंच घ्या. आपल्या सांगली-कोल्हापूरकडून बस निघते, रात्रभर प्रवास, सकाळी विंध्यगिरीच्या सहाशेच्या वर पायऱ्या, बाहुबलींचं दर्शन, जेवण आणि दुपारी हळेबिडू-बेलूरकडे कूच. सत्तावन्न फुटांची ती एकसंध मूर्ती गंग राजांचे मंत्री चावुंडराय यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस घडवून घेतली. मूर्तीच्या पायांशी चावुंडरायांच्या नावाचे लेख आहेत. त्यांतला एक मराठीत आहे, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तो मोजला जातो. आपली भाषा आणि आपला धर्म एका दगडावर शेजारी उभे आहेत आणि आपण, मराठी बोलणाऱ्या जैन बायका, दर वेळी त्यावरून नजर न टाकता जातो, कारण खाली बसचा हॉर्न वाजतो. समोरच्या चंद्रगिरीवर तर किती जणी जातात? भद्रबाहूंची गुहा तिथे आहे, जुन्या बस्त्या आहेत, गर्दी नाही, वारा आहे. परंपरा सांगते की चंद्रगुप्त मौर्याने राज्य सोडून शेवटचे दिवस तिथे काढले. एवढा मोठा सम्राट एक टेकडी पुरेशी मानून थांबला. आपल्याला मात्र त्या टेकडीसाठी दीड तास काढवत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वेरूळला आपण लहानपणी शाळेच्या सहलीत जातो, सोळा नंबरचं कैलास लेणं बघतो आणि परततो. एकूण लेणी चौतीस. तीस ते चौतीस ही जैन लेणी, उत्तरेच्या टोकाला, बाकीच्यांपासून लांब. तिथवर पाय कुणाचे वळतच नाहीत. बत्तीस नंबरच्या इंद्रसभेत वरच्या मजल्यावर छतात कोरलेलं एवढं मोठं कमळ आहे की मान दुखेपर्यंत बघावं. तिथली अंबिका यक्षी बघा, डोक्यावर आंब्याची डहाळी, मांडीवर मूल, खाली सिंह. लेकुरवाळी बाई एका जागी शांत बसलीय. मला तर ती बघून वाटतं, हिला कुणी 'चला चला, बस सुटतेय' म्हणत नाही. मंगळवारी लेणी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा.

कुंथलगिरीला कितीशा जणी दोन रात्री राहिल्यात? आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये तिथे सल्लेखना घेतली. कुंभोजच्या बाहुबलीला आपण रविवारी जातो, अठ्ठावीस फुटी मूर्तीला नमस्कार करतो आणि संध्याकाळी घरी. तीन दिवस राहून बघा. सकाळी अभिषेक, दुपारी झाडाखाली स्वाध्याय, भोजनशाळेत आयतं ताट, संध्याकाळी गुरुकुलातल्या मुलांचे आवाज. वरच्या तिन्ही अटी पुऱ्या होतात आणि खर्च परदेशी टूरच्या बघण्याच्या एका तासाएवढाही येत नाही.

आता तुमचे आक्षेप. ते मला पाठ आहेत.

पहिला: "आमच्या सासवांना उंबरा ओलांडायला मिळाला नाही. आता आम्हाला मिळतोय तर तुम्ही आडव्या येताय." ह्या म्हणण्यात जोर आहे आणि मी तो मानते. एके काळी बाईला घराबाहेर पडायचं तर यात्रा हे एकच कारण चालायचं. विधवा बाई शिखरजीला गेली म्हणजे तिने आयुष्यात एकदाच रेल्वे पाहिली. म्हणून जिची ही पहिलीच मोकळीक आहे, जिला ग्रुपचा आधार हवा आहे, तिने टूर जरूर करावी, हसत करावी. माझा प्रश्न पाचव्या-सहाव्या टूरबद्दल आहे, जिथे ठिकाण मुलाने ठरवलं, तारीख ह्यांनी ठरवली, आणि बाईने फक्त खाऊ ठरवला. उंबरा ओलांडला खरा, पण चूल पाठीवर घेऊन. त्याला मोकळीक म्हणायचं का?

दुसरा: "प्रवासाने माणूस शहाणा होतो." होतो, जर तो थांबला तर. जंगफ्राऊला साडेतीन हजार मीटर उंचीवर आगगाडीतून जायचं, तासाभरात बर्फात उभं राहून फोटो काढायचा, गरम चहा प्यायचा आणि उतरायचं. त्यातून शहाणपण आलं असतं तर आपल्या कॉलनीतले निम्मे लोक एव्हाना ज्ञानी झाले असते.

तिसरा, जरा दबक्या आवाजातला: "सगळे जातात, आपण नाही गेलो तर लोक काय म्हणतील? सोयरीक जमवताना विचारतात." हे ऐकून मात्र मला काळजी वाटते. मुलीच्या बायोडेटात छंद म्हणून 'ट्रॅव्हलिंग' लिहितात, ते असो. पण कर्ज काढून, हप्ते बांधून परदेशी फिरणारी घरं आपल्यात आहेत. परिग्रह म्हणजे नुसतं सोनंनाणं नव्हे. पासपोर्टावरचे शिक्केसुद्धा साठवले जातात आणि मिरवले जातात.

आपल्या शास्त्रात ह्या विषयावर किती बारकाईने विचार झालाय, ह्याची आठवण करून देते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आणि देशव्रत आहेत. दिग्व्रत म्हणजे दाही दिशांना आपण कुठवर जाऊ ह्याची जन्मभराची मर्यादा, अमकी नदी, अमका डोंगर. देशव्रत म्हणजे त्या मर्यादेत, ठरावीक काळासाठी आणखी लहान वर्तुळ. आणि समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंड सांगताना निष्कारण फिरणं आणि दुसऱ्याला निष्कारण फिरवणं, दोन्ही प्रमादात धरलंय. दुसऱ्याला फिरवणंसुद्धा! टूरचा फॉर्म भरून बायकोला न विचारता तिकीट काढणाऱ्यांनी हे वाचावं.

मी म्हणत नाही की सगळ्यांनी दिग्व्रत घ्या. मुलं साता समुद्रापार आहेत, जावं लागतं. पण एवढं तरी त्यातून घेऊ या की कुठे न जाणं हीसुद्धा निवड असू शकते, आणि ती मागासलेली निवड नाही. आपले मुनी आठ महिने पायी फिरतात आणि पावसाळ्यात चार महिने एका गावी थांबतात. फिरण्याइतकंच थांबणं त्यांच्या आचारात बसवलेलं आहे. आपण फिरणं तेवढं उचललं.

देशव्रताचा माझा घरगुती अर्थ सांगू? वर्षातून आठ दिवस माझं वर्तुळ म्हणजे माझं घर आणि बस्ती. त्या आठ दिवसांत ओट्याजवळ मी जात नाही. ह्यांना भाताचा कुकर लावता येतो, आमटी शेजारच्या खानावळीतून येते, आणि आतापर्यंत कुणाचाही त्यात बळी गेलेला नाही. पहिल्या वर्षी पाहुण्यांना वाटलं, माझी तब्येत बिघडली. दुसऱ्या वर्षी जाऊबाईंनी हळूच विचारलं, "कसं जमवलंत?"

म्हणून पुढचं बुकिंग करण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा. ठिकाण कुणी ठरवलं? डबा कोण भरणार? एका जागी किती रात्री? आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी स्वयंपाक कोण करणार? चारांपैकी तीन उत्तरं तुमच्या सोयीची आली तर जा, स्वित्झर्लंड काय, चंद्रावर जा. नाही आली तर तो कागद चहाच्या कपाखाली, घरातल्या सगळ्यांना दिसेल असा ठेवा. बोलायची गरज पडत नाही. आकडे बोलतात.

ज्यांना हे पटलं नाही त्यांनी भांडायला जरूर फोन करावा, पण दिवस मावळल्यावर. आमच्याकडे तोवर जेवणं झालेली असतात, भांडी पालथी असतात, आणि माझी रोजची दोन तासांची सुट्टी सुरू झालेली असते.

जय जिनेंद्र.